तेरा लाख चव्वेचाळीस हजार नऊशे त्र्याऐंशी

१ जानेवारी

विहारातली मंडळी पहाटेच भीमा कोरेगावला गेली. माझा गुडघा नको म्हणाला. दिवस रिकामा मिळाला, म्हणून वही काढली. नवीन वर्षाचे संकल्प वगैरे मी करत नाही. हे काम आहे.

काम असं. १६ फेब्रुवारीला ह्यांना जाऊन वर्ष होईल. स्मृतिदिनाला विहाराला एक्कावन्न ताटं द्यायची, नाव घालून. 'कालकथित दगडू सोनू येलवे यांच्या स्मरणार्थ' आणि खाली 'मूळ संख्या १३४४९८३'.

कारण ती ह्यांची संख्या. घरातल्या सगळ्या भांड्यांवर तीच आहे. चाळीत तीन दगडू होते. लग्नाकार्यात एकमेकांची भांडी नेली की आमची परात दुसऱ्या दगडूकडे जायची आणि त्याची चेपलेली आमच्याकडे यायची. त्या वेळी हे अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते आणि चाळिशीत रात्रशाळेत दहावी करत होते. तिथे शिकले की मूळ संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच भागू शकत नाही. मग दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत भागाकार करत बसले आणि ही शोधून काढली. भांड्यांवर नावाऐवजी तीच घातली. दगडू तीन आहेत, ही एकच आहे, आणि हिचे तुकडे होत नाहीत. आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला हे सांगितलेलं आहे.

आता ताटं चारचौघांच्या हातात जाणार. त्याआधी एकदा तपासून घेते. शंका म्हणून नाही. गॅस बंद केला तरी आपण परत जाऊन बघतो, तसं.

२ जानेवारी

प्रफुल्लचा ठाण्याहून फोन. त्याला बेत सांगितला. म्हणाला, आई, मोबाईलमध्ये टाक, दोन सेकंदात सांगेल. मी म्हटलं, तुझ्या वडिलांनी हाताने शोधली, मी हातानेच तपासणार. मग मी टाकून बघू का, म्हणाला. मी म्हटलं, खबरदार.

हा तत्त्वाचा प्रश्न आहे. दुसरं काही नाही.

नववीचं जुनं गणिताचं पुस्तक वाचनालयातून आणलं. मी चौथीपर्यंत शिकले, बाकी सगळं पुड्यांच्या कागदांपासून वाचनालयापर्यंत वाचत आले, त्यामुळे पुस्तकाची भीती नाही. त्यात लिहिलंय की सगळ्या आकड्यांनी भागायची गरज नाही. फक्त मूळ संख्यांनी भागायचं, आणि तेही जिचा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जात नाही तिथपर्यंत. ११५९ चा वर्ग कमी पडतो, ११६० चा जास्त होतो. म्हणजे ११५९ पर्यंत. अशा दोनेकशे निघतील. रोज वीस केले तर दहा दिवसांत खेळ खलास.

३ जानेवारी

देवराम भावजी आले होते शीळफाट्याहून. ह्यांचे धाकटे भाऊ. पस्तीस वर्षं एकच चेष्टा चाललीय. वहिनी, दादाला घड्याळात पावणेपाच कळायचे नाहीत, आणि तेरा लाखाच्या संख्येला कोणी भागत नाही म्हणतो? एवढा मोठा आकडा, कोणीतरी भागणारच की गं!

त्यांच्या चहात साखर घातली नाही. प्यायले तसाच. वर म्हणाले, डायबेटीस कोणाला झालाय, तुला की मला?

आता आधी भावजींचं तोंड बंद करायचं. काम झालं की कागद समोर ठेवणार, बोलणार काही नाही.

५ जानेवारी, रविवार

दोन दिवस नुसती यादी करण्यात गेले. जुन्या कॅलेंडरच्या मागे ११५९ पर्यंत आकडे लिहिले आणि खोडत गेले. तीसपर्यंत पाढे पाठ आहेत म्हणून निभावलं. एकूण १९४ मूळ संख्या. अतिशय अचूक यादी झाली आहे.

आज मटण आणलं नाही. एकटीसाठी पाव किलो मागायला कसंतरी होतं. दुकानदारही तोलताना वर बघत नाही.

६ जानेवारी

२, ३, ५ झटपट. ७ ने बाकी ३. ११ ने बाकी २. १३ ने परत ३. सोपं आहे. हे उगाच दोन वर्षं लावत बसले.

एकूण ६ झाले. उद्या चौतीस करून वेग भरून काढणार.

७ जानेवारी

चार झाले. नळाचं पाणी अर्धा तास आधी आलं, त्यात सकाळ गेली.

८ जानेवारी

पाच. शेजारच्या बाई बसायला आल्या. उठेनात. ३१ चा अर्धा भागाकार मांडीवर घेऊन त्यांच्या सुनेचं सगळं ऐकलं.

१२ जानेवारी, रविवार

प्रफुल्ल आणि अमृता आले. सून शाळेत इतिहास शिकवते. तिने माझी यादी हातात घेतली आणि म्हणाली, आई, ५०१ मूळ नाही, आकड्यांची बेरीज सहा येते, तीनने भाग जातो. मग १००१ वर बोट ठेवलं. सातने जातो. मग ११०१.

मी सांगितलं की आहेराच्या पाकिटात लोक मुद्दाम एक जास्तीचा घालतात. कशासाठी? आकडा तुटू नये म्हणून. पन्नास लग्नांत बघितलंय मी. म्हणून ते तपासले नव्हते. प्रफुल्ल इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, आई, लोकांनी पाकिटात गणित घातलं नव्हतं गं.

मुद्दा आहेराच्या रीतीचा होता, गणिताचा नव्हता. असो. १९४ मधून तीन कमी झाले म्हणजे काम हलकंच झालं. १९१ राहिले. त्यातले २९ पूर्ण.

१९ जानेवारी, रविवार

प्रफुल्लकडे ठाण्याला, खोपटला गेले होते. ६७ झालेत. वेळापत्रकाप्रमाणे १९१ व्हायला हवे होते, पण वेळापत्रक घाईत केलं होतं.

तिथे एक विचित्र गोष्ट. अमृताने जेवणाआधी संख्या विचारली, मुलांना फळ्यावर दाखवते म्हणाली. मी सांगितली. मोबाईल घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने आली. मग मला स्वतःच्या ताटातली गरम भाकरी दिली, पाठीमागे उशी लावली, आणि म्हणाली, आई, ताटांवर नुसतं बाबांचं नाव किती छान दिसेल. आकडा कशाला?

मी म्हटलं, आकडा हेच तर नाव आहे.

मग नवरा-बायको आत कुजबुजले. प्रफुल्ल बाहेर येऊन म्हणाला, बरं आकडा टाक, पण 'मूळ संख्या' हे शब्द नको. लोकांना कळणार नाहीत.

इतिहासवाल्यांना गणित आवडत नाही हे माहीत होतं. पण प्रफुल्ल तर इंजिनीअर आहे. बायकोचं फार ऐकतो.

२२ जानेवारी

देवराम भावजी सुके बोंबील घेऊन आले. अर्धा तास बसले, संख्येबद्दल अक्षर बोलले नाहीत. मीच विषय काढला. ८१ झालेत म्हटलं. तर म्हणाले, कर कर, सावकाश कर, डोळ्यांना जप.

पस्तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी इतका गोड बोलला नाही. तब्येत बरी नसावी. किंवा काहीतरी मागायचं असणार.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीत झेंडावंदन. नंतर वडापाव. सेक्रेटरींनी विचारलं, काकी, सध्या काय चाललंय? मी सांगितलं. ते म्हणाले, वा, मेंदूला व्यायाम. मेंदूला व्यायाम! जणू मी शब्दकोडं सोडवतेय.

१०४ झाले. दोन वह्या संपल्या. पलंगावर ह्यांची बाजू आता वह्यांना दिली आहे. जागा वाया जात नाही.

एक खरं लिहून ठेवते. भागाकार करताना मध्येच मान वर करून विचारावंसं वाटतं, अहो, हातचा किती होता? हे नेहमी मोठ्याने हातचे मोजायचे. मला त्याचा राग यायचा. डाळ निवडताना माझं चुकायचं.

३१ जानेवारी

सकाळी ११.१०. एकशे अडतिसावा, ७८७ ने. १७०९ वेळा गेला. बाकी शून्य.

११.४०. चष्म्याला तेलाचा डाग होता. पुसला. परत केलं. बाकी शून्य.

१२.३०. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू आहे. अशा आवाजात कोणाचं गणित बरोबर येईल? शून्य.

दुपारी ४.००. जेवले, जरा आडवी झाले, नवीन पेन घेतलं. सगळं नीट, एकेक पायरी. ७८७ नवे ७०८२. वरचे ७०८३. बाकी एक.

आली एकदाची. म्हटलंच होतं मी. उपाशीपोटी गणित करू नये, रक्तातली साखर खाली जाते आणि शून्यं दिसतात. तीन चुकीच्या रीती आणि एक बरोबर असं ते पान वाईट दिसतंय, म्हणून पिन मारून बंद केलं.

पुढे ७९७.

२ फेब्रुवारी

कालपासून पस्तीस झाले. हात बसलाय. मधे उगाच रेंगाळत होते. आता जेवायलाही उठावंसं वाटत नाही. थांबलं की विचार येतात, त्यापेक्षा भागाकार बरा.

४ फेब्रुवारी

झालं. शेवटचा ११५३ ने. बाकी ५८५. एकशे एक्क्याण्णव भागाकार, एकालाही ती गेली नाही. दगडू सोनू येलवे यांची संख्या मूळ आहे, सिद्ध झालं.

लगेच प्रफुल्लला फोन केला. तो म्हणाला, छान केलंस आई. बस. इंजिनीअर मुलगा, एक प्रश्न विचारला नाही. बाकी किती आली, कुठून सुरुवात केली, काही नाही.

देवराम भावजींना केला. मी तयारीत होते. ते म्हणणार, कशावरून, आणि मी म्हणणार, या आणि वह्या बघा. तर म्हणाले, हो वहिनी, दादाच तो. शेवटी दादाच तो.

एवढी जिंकले, पण समोर भांडायलाच कोणी नाही. फार चिडचिड झाली. बोंबील परत पाठवावेसे वाटले, पण संपलेत.

५ फेब्रुवारी

कल्याणच्या भांडी बाजारात गेले. एक्कावन्न ताटं निवडली. नाव घालायला धोंडिबा बसतात, माझ्याच वयाचे, कानाला मशीनचा आवाज लागून लागून मोठ्याने बोलतात. चिठ्ठी वाचली आणि विचारलं, मूळ संख्या म्हणजे काय हो बाई? सांगितलं. कोणीच भागत नाही? कोणीच नाही. मग म्हणाले, खात्री आहे ना? नाही, स्पेलिंग चुकलं तर लोक माझ्यावर ओरडतात. कोरलेलं पुसता येत नाही. घासलं तर खड्डा पडतो.

मी म्हटलं, एकशे एक्क्याण्णव वेळा खात्री केली आहे.

मग करतो सुरू, म्हणाले.

घरी आल्यावर भूक नव्हती. उन्हातून गेले म्हणून असेल.

७ फेब्रुवारी

सहज बाजाराकडे जाणं झालं. कोथिंबीर घ्यायची होती. (कोथिंबीर आमच्या दाराशी येते, पण बाजारातली ताजी असते.) जाता जाता धोंडिबांकडे डोकावले. अकरा ताटं झाली होती. सुंदर अक्षर. 'मूळ' मधला 'ळ' तर छापल्यासारखा.

मी म्हटलं, बाकीच्या ताटांवर 'मूळ संख्या' नको. फक्त आकडा घाला.

का, म्हणाले. मी म्हटलं, कडेला दाटी होते आहे. ते म्हणाले, बाई, मी जागा मोजूनच काढलीय, हे बघा, दोन बोटं सुटलीयेत. मी म्हटलं, तरी दाटी वाटते. त्यांनी मशीन बंद केलं. मग विचारलं, आणि या अकरांचं काय करू?

वेगळी बांधा म्हटलं.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. अमृता म्हणत होतीच की नुसतं छान दिसेल. सुनेचं कधीतरी ऐकावं.

९ फेब्रुवारी, रविवार

अमृताला सांगितलं की शब्द काढून टाकले. तिने फोनवरच म्हटलं, आई, तुम्ही ग्रेट आहात. मग रडल्यासारखा आवाज. एवढ्याशा गोष्टीत काय रडायचं? हल्लीच्या मुलींना शाळेचा ताण फार असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्मृतिदिन झाला. वंदना झाली, भंतेजी छान बोलले. चाळीस ताटं ओळीने मांडली होती. जेवताना भंतेजींनी ताट तिरकं करून आकडा वाचला आणि विचारलं, हा फोन नंबर आहे का उपासिका?

मी तोंड उघडलं. एरवी मी हे झोपेत सांगेन. दगडू तीन होते इथपासून. प्रफुल्ल वरणात बघत होता. अमृता वरणात बघत होती. देवराम भावजी तर ताटात शिरल्यासारखे खाली वाकले होते.

मी म्हटलं, ह्यांचा आकडा आहे.

बरं, म्हणाले भंतेजी. भात घेतला.

मी वरण वाढत पुढे गेले.

१७ फेब्रुवारी

देवराम भावजी विहारात नेलेलं आमचं पातेलं परत द्यायला आले. जेवायची वेळ होती, पान वाढलं. घरात धुतलेली ती अकरा ताटंच वर होती. त्यातलंच गेलं त्यांच्यापुढे.

भाकरी मोडता मोडता त्यांनी कड वाचली. हात थांबला. म्हणाले, वहिनी, चाळीसच ताटं का दिलीस ते आता कळलं.

मी म्हटलं, दाटी होत होती.

ते म्हणाले, सातशे सत्त्याऐंशी ना?

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. भांडी कोरून आली त्याच्या पुढच्या वर्षी दादा शीळफाट्याला माझ्याकडे आला होता, पडलेलं तोंड घेऊन. मी सारखा चिडवत होतो, तर दाखवतोच तुला म्हणून परत सगळे भागाकार करायला बसला, आणि सातशे सत्त्याऐंशीला अडकला. पहिल्या वेळी तो आकडा यादीत घ्यायचाच राहिला होता त्याचा. मी म्हटलं, मग घासून टाक ना. तर म्हणाला, कोणाला बोलू नको. मंजुळेला तर मुळीच नको. ती नळावर परात उलटी धरून बायकांना वाचून दाखवते. ह्यांच्या संख्येचे तुकडे होत नाहीत म्हणते. तिचा चेहरा बघ एकदा, मग मला घासायला सांग.

मी म्हटलं, मी? सगळ्यांना हे सांगायचे.

भावजी म्हणाले, दादा? दादाने आयुष्यात कोणाला काही सांगितलं होतं का गं? तू सांगायचीस. तो बाजूला बसून मान हलवायचा.

मी आठवून बघितलं. प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं. बोलणारा आवाज माझाच येतो.

मग विचारलं, माहीत होतं तर पस्तीस वर्षं चिडवत का होतात? म्हणाले, चिडवणं एकदम बंद केलं असतं तर तुला संशय आला असता. दादानेच सांगितलं होतं, चालू ठेव.

आणि मग वर म्हणतात, अजून एक भाकरी दे.

दिली. काय करणार.

संध्याकाळ

फार राग आला आहे. चौतीस वर्षं ह्यांनी मला बोलू दिलं. प्रफुल्लच्या लग्नात तर मी व्याह्यांना अर्धा तास धरून ठेवलं होतं, आणि हे शेजारी बसून लाडू खात होते. एक शब्द नाही. आज असते तर दोन दिवस बोलले नसते मी. तिसऱ्या दिवशी मटण आणायला सांगितलं असतं.

पिन काढून ते पान बघितलं. चौथ्या रीतीत मी सात नवे बासष्ट लिहिलं आहे. तीसपर्यंत पाढे पाठ असलेल्या बाईने. लाल पेनाने त्रेसष्ट केले. ७०८३ मधून ७०८३ गेले.

१३४४९८३ = ७८७ × १७०९.

पहिल्या तिन्ही रीती बरोबर आहेत. म्हणजे ह्यांना दोन वर्षं घालवून, दुसऱ्या खेपेला सापडलं. मला पहिल्या खेपेला सापडलं, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी.

हे ह्यांना ऐकवायला पाहिजे होतं.